मुंबईचे आकाश, हेलिकॉप्टर आणि तीस दिवसांचे मनाई आदेश

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : शहरावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांवरील सुरक्षाविषयक निर्बंधांचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

नोव्हेंबर २०२२ मध्ये बृहन्मुंबई पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली एक मनाई आदेश काढला होता. १३ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर या तीस दिवसांत आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोन, दूरनियंत्रित मायक्रोलाइट विमाने, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून आणि खासगी हेलिकॉप्टर यांच्या उड्डाणास त्याद्वारे बंदी घालण्यात आली. दहशतवादी आणि देशविघातक शक्ती या साधनांचा वापर करून अतिमहत्त्वाच्या व्यक्तींना लक्ष्य करतील, सामान्य लोकांचे जीव धोक्यात आणतील आणि सार्वजनिक मालमत्तेची हानी करतील, अशी भीती त्यामागचे कारण म्हणून दिली होती. पोलिसांची स्वतःची हवाई टेहळणी आणि पोलीस उपायुक्त (अभियान) यांनी लेखी परवानगी दिलेली उड्डाणे यांना सूट होती. असे आदेश मुंबईकरांच्या अंगवळणी पडले आहेत. मुदत संपते, काही दिवसांनी नवा आदेश येतो, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी छापून येते आणि ती वाचून कोणी काही विचारीत नाही. मलाही ड्रोन आणि पॅराग्लायडर यांच्याविषयी फारसे विचारायचे नाही. त्या यादीत हेलिकॉप्टर कशासाठी आले, एवढेच मला विचारायचे आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर जे दिसते ते आपणा तिघांसमोर एकत्र मांडायचे आहे, कारण आजवर ते तीन वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिले आहे.

मी विलेपार्ले पश्चिमेला राहतो. जुहूच्या धावपट्टीवरून उठणारी हेलिकॉप्टरे आमच्या गच्चीवरून दिसतात आणि त्याहून जास्त ऐकू येतात. त्यांच्या आवाजाविषयी माझे मत चांगले नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हे पत्र श्रीमंतांच्या हौसेची वकिली करण्यासाठी लिहिले आहे असा समज होणार नाही.

जुहूहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरकडे उड्डाणापूर्वीच किती गोष्टी असाव्या लागतात ते पाहावे. त्याचा फ्लाइट प्लॅन दाखल झालेला असतो. हवाई दलाकडून मिळालेला एअर डिफेन्स क्लिअरन्स क्रमांक, ज्याला या व्यवसायातली मंडळी नुसते ‘एडीसी’ म्हणतात, आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा ‘एफआयसी’ क्रमांक, असे दोन क्रमांक वैमानिकाने लिहून घेतलेले असतात. त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला ओळख कळवणारे यंत्र, ठरवून दिलेला चार अंकी कोड प्रसारित करीत असतो आणि नियंत्रण कक्षाच्या परवानगीखेरीज ते जमीन सोडू शकत नाही. ते कोणाचे आहे, कोण चालवीत आहे, त्यात किती माणसे आहेत आणि ते कुठे निघाले आहे, हे ते उठण्याआधीच किमान तीन सरकारी यंत्रणांना ठाऊक असते. आपल्या शहरात इतकी विचारपूस दुसऱ्या कोणत्याही वाहनाची होत नाही. उलट, ड्रोन दुकानातून विकत आणून इमारतीच्या गच्चीवरून उडवता येतो आणि रडारवर तो सहसा उमटतही नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासचे हल्लेखोर मोटर लावलेल्या पॅराग्लायडरवरून इस्रायलमध्ये उतरले. या दोन साधनांची भीती खरी आहे आणि तिच्यावर पोलिसांनी काही करणे क्रमप्राप्त आहे. परंतु ओळख लपवू शकणारे साधन आणि ओळख पटल्याशिवाय हलूच न शकणारे साधन एकाच यादीत घातले, तर यादी करताना धोक्याचा विचार झाला की ‘उडते ते सगळे’ एवढाच निकष लावला गेला, अशी शंका येते.

ज्या हल्ल्याची आठवण ठेवून मुंबईत सुरक्षेचे बहुतेक निर्णय होतात, त्या २००८ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यात मारेकरी समुद्रातून रबरी बोटीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले होते. त्या चार दिवसांत शहराच्या आकाशात जे हेलिकॉप्टर सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले ते हवाई दलाचे होते आणि त्यातून दोरांवरून एनएसजीचे कमांडो नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरत होते.

यादीत ‘खासगी’ हे विशेषण आहे, त्याचाही अर्थ लागत नाही. राज्यातले मंत्री आणि सर्वच पक्षांचे नेते प्रचाराच्या काळात ज्या हेलिकॉप्टरांतून फिरतात ती बहुतांशी खासगी कंपन्यांकडून भाड्याने घेतलेली असतात. तेच यंत्र, तोच वैमानिक आणि तीच कंपनी सकाळी एखाद्या उद्योगपतीला घेऊन पुण्याला गेली तर धोका आणि दुपारी नेत्याला घेऊन बारामतीला किंवा नांदेडला गेली तर सेवा, असा भेद सुरक्षेच्या शास्त्रात बसत नाही. लेखी परवानगीची वाट ठेवली आहे असे आपण म्हणाल. पण ती परवानगी देताना पोलीस उपायुक्तांचे कार्यालय असे काय तपासणार आहे, जे हवाई दलाने एडीसी देताना तपासलेले नाही?

आता कायद्याविषयी थोडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमाने, हवाई मार्ग आणि हवाई वाहतुकीचे नियमन हे विषय संघ सूचीच्या २९ व्या नोंदीत आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याचे विषय आहेत, हे खरे. पण सुव्यवस्थेच्या वाटेने जाऊन आकाशाचे नियमन करता येते का, हा प्रश्न उरतोच. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे आणि १९३४ चा जुना कायदा गेला आहे. कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे, तरी अधिकार तोच आहे : तातडीच्या प्रसंगी, मर्यादित काळासाठी वापरायचा. सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी दिलेल्या निकालात स्पष्ट म्हटले आहे की कलम १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल आणि आदेशात त्यामागची वस्तुस्थिती नमूद असली पाहिजे. तो निकाल काश्मीरमधील इंटरनेटबंदी आणि जमावबंदी यांविषयी होता. परंतु तत्त्व सर्वांना लागू आहे. जी तातडी दर तीस दिवसांनी नव्याने उद्भवते तिला तातडी म्हणता येणार नाही. ती कायमची परिस्थिती असेल तर तिच्यासाठी कायमचा, विचारपूर्वक केलेला आणि नकाशावर दाखवलेला नियम हवा.

सुरक्षेच्या नावाने आकाश बंद करण्याचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग वॉशिंग्टनमध्ये झाला आहे, आणि मुंबईने धडा घ्यायचा तो तिथून. ११ सप्टेंबर २००१ नंतर त्या शहराभोवती सुमारे ५५ किलोमीटर त्रिज्येचे विशेष नियमांचे वर्तुळ आखले गेले, त्याच्या आत आणखी कडक वर्तुळ, आणि अगदी मध्यभागी व्हाइट हाऊस व संसदभवनावर संपूर्ण बंदी तर आधीपासूनच होती. आतल्या वर्तुळात खासगी हेलिकॉप्टर जवळजवळ दिसेनासेच झाले. उरली ती लष्कराची, पोलिसांची आणि रुग्णवाहिकेची. आकाश रिकामे झाले, म्हणजे सुरक्षित झाले, असे वाटणे स्वाभाविक होते.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री त्याच आकाशात, पोटोमॅक नदीवर, रोनाल्ड रेगन विमानतळाकडे उतरणारे प्रवासी विमान आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. विमानातले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे सर्वच्या सर्व ६७ जण गेले. सुरक्षेच्या निर्बंधांतून ज्याला सूट होती, असेच ते हेलिकॉप्टर होते. नदीकाठच्या ‘रूट ४’ या हेलिकॉप्टर मार्गावर तिथे कमाल उंची २०० फूट ठरलेली होती. टक्कर झाली तेव्हा हेलिकॉप्टर सुमारे २७८ फुटांवर होते. परंतु एवढ्यावर सगळा दोष त्या तीन जणांवर टाकून मोकळे होता येत नाही. वैमानिकांना उंचीमापकावर चुकीची उंची दिसत असावी, अशी शक्यता तपासात पुढे आली. शिवाय धावपट्टी ३३ कडे उतरणारे विमान आणि त्याखालून जाणारे हेलिकॉप्टर यांच्यामध्ये, दोघांनीही नियम तंतोतंत पाळला तरी, काही ठिकाणी अवघे ७५ फूट अंतर उरत होते, असे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दाखवून दिले. ७५ फूट म्हणजे साधारण सात मजली इमारतीची उंची. स्वतःचे स्थान सतत प्रसारित करणारी एडीएस-बी यंत्रणा त्या हेलिकॉप्टरवरून प्रसारण करीत नव्हती. संवेदनशील कामगिरीवर ती बंद ठेवण्याची मुभा लष्कराला सुरक्षेच्याच कारणाने दिलेली होती. आणि त्या वेळी हेलिकॉप्टर व विमाने या दोन्हींची जबाबदारी मनोऱ्यात एकच नियंत्रक सांभाळत होता.

त्याहून विचार करायला लावणारा आकडा पुढेच आहे. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातले आडवे अंतर एक सागरी मैलापेक्षा आणि उभे अंतर ४०० फुटांपेक्षा कमी झाल्याच्या १५,२१४ घटना नोंदवलेल्या होत्या. ही माहिती सरकारी संगणकांत होती. ती कोणी एकत्र करून पाहिली नाही, कारण त्या आकाशाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची सवय लागली होती : हा आत येणारा कोण आहे? आत असलेले दोघे एकमेकांच्या किती जवळून जातात, हा प्रश्न कोणाच्या वाट्यालाच आला नव्हता.

बरे, बंदी तरी निश्छिद्र होती का? १५ एप्रिल २०१५ रोजी फ्लोरिडातील एक टपाल कर्मचारी एकट्याने बसायच्या छोट्याशा जायरोकॉप्टरमधून ही सगळी वर्तुळे ओलांडून संसदभवनाच्या हिरवळीवर उतरला. त्याच्यापाशी खासदारांना लिहिलेली ५३५ पत्रे होती. रडारवर तो पक्ष्यासारखा बारीक ठिपका दिसला आणि गाळला गेला. (खुले पत्र पोहोचवण्याचा तो मार्ग मी स्वीकारलेला नाही, याची आपण नोंद घ्यावी.) त्याआधी १९७४ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाऊसच्या अंगणात जे हेलिकॉप्टर अनाहूत उतरले, तेही लष्कराच्याच तळावरून एका सैनिकाने पळवलेले होते. म्हणजे नियम पाळणाऱ्याला बंदीने अडवले, न पाळणारा तिच्यातून सुटला आणि ज्याला सूट दिली त्याचाच अपघात झाला.

आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात गेल्या दहा-बारा वर्षांत हेलिकॉप्टरांनी माणसे मेली आहेत ती कशाने? ४ नोव्हेंबर २०१५ ला बॉम्बे हायजवळ रात्रीच्या सरावात पवनहंसच्या हेलिकॉप्टरचे दोन्ही वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले, सातही जण गेले. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ आणखी एक पाण्यात उतरले, नवांपैकी चौघे वाचले नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये आरे कॉलनीत शहर दाखवायला निघालेले छोटे हेलिकॉप्टर पडले आणि त्यात वैमानिकाचा जीव गेला. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळच्या धुक्यात बावधनच्या डोंगरावर तिघे गेले. ते हेलिकॉप्टर जुहूलाच यायला निघाले होते. २५ मे २०१७ ला निलंग्यात खुद्द मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले, ते दैव बलवत्तर म्हणून सगळे वाचले. हेलिकॉप्टर नसले तरी घाटकोपरचा अपघातही इथेच आठवतो : २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेले छोटे विमान वस्तीत पडले आणि रस्त्यावरच्या एका पादचाऱ्यासह पाच जण गेले. हवामान, विजेच्या तारा, डोंगर, समुद्र, देखभाल, घाई आणि मोठ्या माणसाला ‘आज उडता येणार नाही’ असे सांगण्याचे धाडस नसणे, यांपैकी काही ना काही प्रत्येक वेळी तपासाच्या कक्षेत आले. दहशतवादी यांत एकदाही आला नाही. यापुढे कधीच येणार नाही, असे मी म्हणत नाही. पण माणसे एका कारणाने मरत असताना आदेश दुसऱ्याच कारणासाठी निघत असतील, तर आदेश काढणाऱ्याने ते आकडे एकदा समोर घेऊन बसावे.

निर्बंध नकोतच, असे माझे म्हणणे नाही. मुंबईत दोन ठिकाणी कायमचे प्रतिबंधित हवाई क्षेत्र आहे आणि दोन्ही मला योग्य वाटतात. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र हे एक, त्याचे कारण सांगायला नको. दुसरे मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दोखम्याचे, म्हणजे अंत्यविधीच्या जागेचे. तिथे सुरक्षेचा प्रश्नच नाही. मृतांची आणि त्यांच्या अंत्यविधीची शांतता व खासगीपणा राखला जावा, एवढ्यासाठी आकाशाचा तो तुकडा राखून ठेवलेला आहे. मला हे उदाहरण फार आवडते. क्षेत्र छोटे आहे, नकाशावर छापलेले आहे, वैमानिकाला घरून निघतानाच ठाऊक असते, आणि कारण कोणालाही एका वाक्यात सांगता येते. दिल्लीत २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेसाठी दोन-तीन दिवस आकाश आवळले गेले, त्यालाही ठराविक जागा, ठराविक वेळ आणि ठराविक कारण होते. शिवाजी पार्कवर मोठी सभा असेल, समुद्रात नौदलाचे संचलन असेल, तर तेवढ्या तासांपुरते आणि तेवढ्याच भागावर हेलिकॉप्टर नको म्हणण्याला कोण हरकत घेईल? दहिसर-मुलुंडपासून कुलाब्यापर्यंतच्या सगळ्या हद्दीवर तीस दिवस बंदी, ही मात्र या जातीची गोष्ट नाही.

आता हा विषय लांबणीवर टाकता येणार नाही, याला कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. सांताक्रूझ आणि जुहू या दोन विमानतळांतले अंतर आधीच इतके थोडे आहे की १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचे एक मोठे प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पुढे निघून गेले होते. सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही. आता खाडीपलीकडे तिसरी वर्दळ सुरू झाली आहे. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आयएनएस शिक्रा आहे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आणि राजभवनात हेलिकॉप्टरे उतरतात, बॉम्बे हायला रोज ये-जा असते. त्यात वरळी, लोअर परळ आणि परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढत आहेत आणि त्यांच्या डोक्यावरच्या क्रेन टॉवरपेक्षाही उंच आहेत. लंडनच्या मध्यवर्ती भागात सुरक्षेसाठी प्रतिबंधित क्षेत्रे आहेत आणि एक इंजिनाच्या हेलिकॉप्टरांना टेम्स नदी धरून चालावे लागते. तरी १६ जानेवारी २०१३ ला व्हॉक्सहॉलजवळ धुक्यात हेलिकॉप्टर एका बांधकामाच्या क्रेनवर आदळले आणि वैमानिकाबरोबर खाली कामाला निघालेला एक माणूसही गेला. परळच्या नाक्यावर सकाळी साडेआठला किती माणसे असतात, ते आपणास ठाऊक आहे.

म्हणून गृह विभागाला विनंती अशी की पुढचा मनाई आदेश काढताना हेलिकॉप्टर हा शब्द त्यातून वगळावा, आणि विशिष्ट माहितीच्या आधारे तो घालणे खरोखर भाग पडले तर जागा व तास नेमून, कारण लिहून, महासंचालनालयाच्या सूचनेमार्फत वैमानिकांपर्यंत पोहोचवावा. पोलीस ठाण्याच्या फलकावर लावलेला कागद कॉकपिटमध्ये दिसत नाही. पोलीस आयुक्तांना विनंती अशी की लेखी परवानगीचे काम आपल्या कार्यालयाकडून काढून घेण्यास आपणच पुढाकार घ्यावा आणि ते मनुष्यबळ ड्रोनच्या बंदोबस्ताकडे वळवावे, कारण तो धोका खरा आहे. महासंचालनालयाकडे मागणे थोडे मोठे आहे. तीन विमानतळ लक्षात घेऊन मुंबईवरचे हेलिकॉप्टर मार्ग नव्याने आखले जावेत. मंत्र्यांच्या, पोलिसांच्या आणि कोणत्याही सरकारी हेलिकॉप्टरला शहरावरून जाताना स्थान प्रसारित करण्यातून सूट नसावी, आणि लष्करी कामगिरीसाठी ती द्यावीच लागली तर त्या वेळी खालचा मार्ग इतरांना बंद असावा. विमान आणि हेलिकॉप्टर किती वेळा एकमेकांच्या जवळ आले, याची मोजदाद दर वर्षी प्रसिद्ध व्हावी. वॉशिंग्टनला ती ६७ माणसे गेल्यावर झाली.

तूर्त एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी मी समाधान मानीन. नवी मुंबईच्या धावपट्टीकडे विमान उतरत असताना त्याच्या वाटेखालून एखादे हेलिकॉप्टर जाणार असेल, तर दोघांमध्ये कमीत कमी किती फुटांचे अंतर राहील, आणि ते कोणी, कोणत्या तारखेला मोजले?

आपला विश्वासू,
विलेपार्ल्याचा एक रहिवासी